अठ्ठाविसाव्या मजल्यावरचा उकिरडा

परदेशात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत गुंतवणूक, विमा, मुलांचे शिक्षण, रक्तदाब आणि मधुमेह या विषयांवर भरपूर बोलले जाते. या सदरातही बहुतेक लेख त्यावरच असतात आणि ते योग्यच आहे. पण आरोग्य आणि पैसा या दोन्ही गोष्टी रोज न चुकता जिथे एकत्र येतात, त्या जागेबद्दल कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती जागा म्हणजे ओट्याखालची कचऱ्याची बादली. विषय पाहून नाक मुरडणाऱ्या वाचकांनी कृपया लगेच पान उलटू नये. मी पेशाने हिशेबनीस आहे, त्यामुळे गाडी शेवटी दिरहॅमवरच येणार आहे!

अल रीम आयलंडवर आपली बरीच कुटुंबे राहतात. शम्स, मरीना स्क्वेअर, नजमत या भागांतल्या तीस-चाळीस-पन्नास मजली इमारतींत आपले संसार थाटलेले आहेत. वीस वर्षांपूर्वी इथे जवळजवळ काहीच नव्हते. आज पूल ओलांडून आले की काचेच्या मनोऱ्यांचे जंगल सुरू होते. या मनोऱ्यांत कचरा टाकणे इतके सोपे आहे, की पुण्या-मुंबईहून पाहुणी आलेली आई किंवा सासूबाई पहिल्या दिवशी थक्कच होतात. लिफ्टशेजारी एक छोटी खोली, त्यात भिंतीत एक लोखंडी झाकण. झाकण उघडावे, पिशवी आत सोडावी, झाकण लावावे. घंटागाडीची वाट पाहणे नाही, "ओला वेगळा, सुका वेगळा" म्हणून ओरडणारी बाई नाही, जिन्यात सांडलेल्या पाण्यावरून भांडण नाही. सगळे या नळीला शूट म्हणतात. माझ्या शेजारच्या काकू तिला 'पाताळ' म्हणतात, कारण तिथे गेलेले परत येत नाही.

गावाकडे प्रत्येक घराचा उकिरडा घराच्या मागेच असे. तो डोळ्यांसमोर वाढत असे आणि पावसाच्या आधी शेतात जात असे. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण ज्यांनी केली, त्यांना उकिरडा म्हणजे साठवलेली माया आहे हे ठाऊक होते. शहरात आल्यावर उकिरडा गेला, पण त्याच्याभोवतीची माणसे राहिली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, डबा-बाटलीवाला. घरातून बाहेर पडणाऱ्या अर्ध्याअधिक वस्तूंना भाव होता आणि तो भाव करणारी आपली आई होती. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच पुढे २००८ साली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलू लागली. कचरा वेचणाऱ्या बायका त्या संस्थेच्या सभासद आणि मालक आहेत. पुण्यातून इकडे आलेल्या पुष्कळ घरांना ओला-सुका वेगळा ठेवण्याची शिस्त या बायकांनीच लावली आहे. त्यांच्या तोंडाची भीती वाटायची, हे आपल्यापैकी बरेच जण मान्य करतील.

त्याच शिस्तीच्या घरांत, अबुधाबीला आल्यावर दोन महिन्यांत एकच बादली उरते. हे मी इतक्या घरांत पाहिले आहे, की याचा दोष आळसाला देणे मला पटत नाही. भिंतीत भोक एकच आहे. वेगळा केलेला कचरा जर त्याच भोकातून जाऊन खाली एकाच डब्यात पडणार असेल, तर कोणता शहाणा माणूस दोन बादल्या ठेवील? माणसाची सवय बऱ्याच अंशी भिंत ठरवते, असे माझे मत आहे. म्हणूनच 'लोकांमध्ये जागृती करा' एवढेच म्हणून थांबणारे लेख मला अपुरे वाटतात.

खाली काय होते तेही सांगते. आमच्या इमारतीच्या तळघरात शूटच्या तोंडाशी चाकाचे मोठे डबे ठेवलेले असतात. ते भरले की बदलायचे, सांडलेले गोळा करायचे आणि नळीत काही अडकले तर काठीने मोकळे करायचे, हे काम दोन-तीन माणसे पाळीपाळीने करतात. त्यांतला एक निजामाबादकडचा आहे. नांदेडला काही वर्षे काम केल्यामुळे तो मोडके का होईना मराठी बोलतो आणि मला अक्का म्हणतो. "अक्का, काचेची बाटली वरून येते तेव्हा आवाज आधी येतो, बाटली मागून येते," असे तो एकदा म्हणाला. आवाज आला की बाजूला व्हायचे, ही त्याची सुरक्षा! मी घरी येऊन साधे गणित केले. अठ्ठाविसावा मजला म्हणजे अंदाजे नव्वद मीटर उंची. हवेचा आणि नळीच्या भिंतींचा अडथळा सोडून दिला, तर तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू तळाशी ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने पोहोचते. अडथळ्यामुळे प्रत्यक्ष वेग कमी असेल, पण नारळाची करवंटी, लोणच्याची बरणी किंवा मिक्सरचे फुटके भांडे या वेगाच्या निम्म्याने जरी आले तरी खाली उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल? काच, करवंट्या आणि जड वस्तू शूटमध्ये टाकू नका, त्या पिशवीत बांधून मजल्यावरच्या खोलीत बाजूला ठेवा, अशी सूचना बहुतेक इमारतींत लिहिलेली असते. ती इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते, एवढेच. धुपाचे निखारे आणि पेटती उदबत्ती यांबद्दल तर बोलायलाच नको. शूट म्हणजे आगीच्या दृष्टीने सरळ धुराडेच आहे.

डब्यातून पुढे हा कचरा ट्रकमध्ये जातो. अबुधाबीत कचऱ्याचा कारभार पाहण्यासाठी २००८ साली 'तदवीर' ही यंत्रणा सुरू झाली. शहरातला बराचसा मिसळलेला कचरा आजवर अल धफ्रा इथल्या वाळवंटातील भरावभूमीवर गेला आहे. वाळवंट मोठे आहे, मग बिघडले कुठे, असे पुष्कळांना वाटते. बिघडते ते असे, की भाजीची देठे आणि शिळा भात प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन ढिगाखाली दबले की हवेविना कुजतात आणि त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय ढिगाला आग लागते ती वेगळीच. मुंबईकरांना हे सांगायला नको. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

आता नवा उपाय म्हणजे कचरा जाळून वीज. शारजात २०२२ साली असा प्रकल्प सुरू झाला. दुबईत वारसान येथे २०२३ साली वर्षाला सुमारे वीस लाख टन कचरा पोटात घेऊ शकणाऱ्या अवाढव्य प्रकल्पाचे उद्घाटन झाले. अबुधाबीतही अल धफ्राजवळ वर्षाला नऊ लाख टनांच्या प्रकल्पाचा करार २०२४ साली झाला. भरावभूमीपेक्षा हे बरे, यात मला शंका नाही. पण 'आता जाळणारच आहेत, मग वेगळे कशाला करा' असा जो सूर आपल्या गप्पांत ऐकू येतो तो मात्र चुकीचा आहे. ओले लाकूड चुलीत घातले की काय होते ते आपल्या आज्यांना विचारावे. दिल्लीत तिमारपूरला १९८७ च्या सुमारास डेन्मार्कच्या तंत्राने कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा केला होता. आपल्या कचऱ्यात ओलावा आणि माती इतकी, की तो धड पेटेना. १९९० पर्यंत प्रकल्प बंद पडला. आजची यंत्रे त्यापेक्षा पुष्कळ सुधारलेली आहेत, तरी काकडीची साल जाळण्यासाठी आधी तिच्यातले पाणी उकळावे लागते हे काही बदललेले नाही. आणि हे पाणी कुठले? समुद्राचे खारे पाणी वीज खर्चून गोडे केले, काही अंशी त्यावरच भाजी पिकवली, तिचे साल फेकले आणि पुन्हा उष्णता खर्चून ते पाणी उडवले!

या विषयावर आपल्या मंडळींशी बोलले की एक वाक्य हमखास ऐकू येते. "आपण इथले पाहुणे. कशाला नसत्या भानगडीत पडायचे?" हे वाक्य मला पटत नाही, पण मी ते हसण्यावारीही नेत नाही. व्हिसा नोकरीवर, घर भाड्याचे, भाडे वर्षाचे. उद्या कंपनीने सांगितले की सामान बांधायचे. अशा माणसाने इमारतीच्या व्यवस्थापनाला पत्रे लिहावीत ही अपेक्षा खरोखरच जड आहे. तरी माझा प्रश्न एवढाच आहे, की पाहुणा किती वर्षे पाहुणा राहतो? आपल्यातली काही कुटुंबे इथे तीस वर्षे आहेत, मुले इथे जन्मली आहेत. आणि पाहुणे म्हणून गेल्यावर तर आपण उष्टे ताट यजमानासमोर ढकलून देत नाही.

आमच्या इमारतीत मी आणि आणखी दोन कुटुंबांनी व्यवस्थापनाला लेखी विनंती केली, की प्रत्येक मजल्यावरच्या खोलीत कोरड्या कचऱ्यासाठी एक वेगळी पेटी ठेवावी. उत्तर आले, की खोलीत जागा नाही आणि अग्निसुरक्षेच्या दृष्टीने तिथे काही साठवता येत नाही. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. मग पेट्या तळमजल्यावर ठेवा, असे आम्ही सुचवले. त्यावर 'विचार करू' असे कळवले गेले. त्याला आता वर्ष होईल. तेवढ्या काळात लॉबीतल्या फुलदाण्या मात्र दोनदा बदलल्या! फ्लॅटचे मालक दर चौरस फुटामागे सेवाशुल्क भरतात, कचरा उचलण्याचा खर्च त्यातच असतो आणि शेवटी तो आपल्या भाड्यातही उतरतो. म्हणजे प्रश्न विचारण्याइतके पैसे आपण भरलेले असतात.

हे अशक्य नाही. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या नव्या इमारतींत २०१४ पासून दोन शूट असतात, एक नेहमीच्या कचऱ्याचा आणि दुसरा पुनर्वापराच्या वस्तूंचा. २०१८ पासून चार मजल्यांहून उंच अशा नव्या खासगी निवासी इमारतींनाही ते बंधनकारक झाले. दक्षिण कोरियाने २००५ साली अन्नाचा कचरा थेट भरावात टाकण्यावर बंदी घातली आणि २०१३ पासून जेवढा अन्नकचरा तेवढे पैसे अशी पद्धत आणली. तिथल्या उंच इमारतींत कार्ड दाखवले की डब्याचे झाकण उघडते, कचरा तोलला जातो आणि बिल घरी येते. आपल्या लोकांना इतर कशापेक्षा हा उपाय लवकर समजेल, असे मला वाटते. इथल्या सरकारनेही जिथे नियम केला तिथे फरक पडलेला आपण पाहिला आहे. १ जून २०२२ पासून अबुधाबीत एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्या बंद झाल्या, २०२४ मध्ये देशभर झाल्या, आणि आज भाजी आणायला निघताना कापडी पिशवी घेणे अंगवळणी पडले आहे. (पूर्वी त्या फुकटच्या पिशव्या बादलीला लागायच्या. आता काळ्या पिशव्यांची गुंडाळी विकत आणावी लागते, हा गृहिणींचा आक्षेप मी नोंदवून ठेवते.)

भिंतीत दुसरे भोक कधी पडेल ते पडो. तोवर घरात काय करता येते हे पाहण्यासाठी आमच्या तीन घरांनी मिळून चार आठवडे एक प्रयोग केला. प्रयोग कसला, वजनकाट्यावर रोज रात्री बादली तोलायची आणि वहीत लिहायचे. तिन्ही घरे चार-चार माणसांची, तिन्ही शाकाहारी-मांसाहारी मिश्र. सरासरी काढली तर एका घरातून चार आठवड्यांत ४४ किलो कचरा निघाला. त्यात २८ किलो ओला. राहिलेल्यात खोकी, बाटल्या, डबे, घरपोच मागवलेल्या जेवणाची आवरणे. आम्हाला सगळ्यांत बोलका वाटला तो ओल्याचा तपशील. साली, देठे, चहाचा चोथा, हाडे, कोयी हे न टाळता येणारे २२ किलो आणि जे खाता आले असते असे ६ किलो. या सहा किलोंत काय होते? अर्धी पिवळी पडलेली कोथिंबीर, फॅमिली पॅकमधला उरलेला ब्रेड, सवलतीत घेतलेली पण दुसरी न उघडलेली दह्याची बादली, मुलांच्या डब्यातून परत आलेले, आणि पार्टीनंतरचा पुलाव.

या सहा किलोंची दुकानातल्या भावाने किंमत केली तर महिन्याला साधारण १५० दिरहॅम होते. वर्षाला १८००. आकडा लहान वाटतो ना? रुपयांत ते महिना साडेतीन हजारांच्या आसपास जातात. तेवढेच पैसे गावाकडच्या बँकेत रिकरिंगला साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षे टाकले, तर हातात सहा लाखांच्या जवळपास रक्कम येते. विम्याच्या हप्त्यासाठी घासाघीस करणारे आपण ही गळती मोजतसुद्धा नाही, कारण तिची पावती मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ साली शंभर कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नव्हे, तर घरांचा होता. माणशी वर्षाला ७९ किलो. या आकड्यात साली-हाडेही धरलेली असल्याने आमच्या सहा किलोंशी त्याची थेट तुलना होत नाही. तरी खाता येण्याजोगे वाया गेलेले अन्न आमच्या घरांत सहा किलोंवरच थांबले. त्याचे श्रेय फोडणीच्या पोळीला, फोडणीच्या भाताला आणि दोडक्याच्या शिरांच्या चटणीला द्यावे लागेल.

फोडणीच्या भाताचा विषय निघाला म्हणून एक आरोग्याची सूचना. काटकसरीच्या नावाखाली शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवणे इथल्या हवेत धोक्याचे आहे. भातातील बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू शिजवण्यातूनही बीजरूपाने वाचतो, उबेत वाढतो, आणि त्याने सोडलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. दोन तासांच्या आत भात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

त्याहून गंभीर गोष्ट झुरळांची. शूट ही ओलसर, उबदार आणि अन्नाने माखलेली नळी आहे. झुरळांना यापेक्षा चांगले घर मिळणे नाही. ती तिथून मजल्यामजल्यावर पसरतात, आणि मुलांच्या दम्याला झुरळांची विष्ठा आणि अंगावरचा कोंडा कारणीभूत ठरतो हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. पण झुरळांपेक्षा त्यांच्यावरचा उपाय भयंकर ठरू शकतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, म्हणजे गावाकडे धान्याच्या कोठारात ठेवतात त्या, काही लोक चोरून मिळवून घरात ठेवतात. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो भिंतीतल्या फटींतून आणि एसीच्या वाटांतून शेजारच्या घरात शिरतो. या देशात शेजाऱ्याने ठेवलेल्या अशा गोळ्यांमुळे झोपेतली लहान मुले दगावल्याच्या बातम्या एकापेक्षा अधिक वेळा आलेल्या आहेत. घरात त्या वापरायला इथे बंदी आहे. कोणी ओळखीचा माणूस 'स्वस्तात, एका रात्रीत झुरळे साफ' म्हणून आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे, आणि बोलावायचा तर परवानाधारक कंपनीचाच माणूस बोलवावा. आमच्या घरी बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या चालतात, पण जिथे रांगते मूल आहे तिथे त्याही नकोत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया बादलीत मोकळ्या टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्यात आणि ती बाटली कुठे द्यायची ते आपल्या दवाखान्यात विचारावे. तळघरातला माणूस हातमोजे घालतो, पण सुईला हातमोजा कळत नाही.

आता ओल्या कचऱ्याचे काय करावे? पुण्यातल्यासारखे गॅलरीत गांडूळखत करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. पस्तीस अंशांच्या वर गांडुळे तगत नाहीत आणि इथे जुलैत गॅलरीत पंचेचाळीस सहज असते. जपानी बोकाशी पद्धतीचा झाकणबंद डबा घरात, एसीत, चालतो. पण त्यातून निघालेले पुन्हा मातीत पुरावे लागते, आणि अठ्ठाविसाव्या मजल्यावर माती किती असणार? मला स्वतःला पटलेला उपाय आपल्याच घरातला आहे. तो म्हणजे वाळवण! पापड-कुरडयांसाठी आपल्या आया जे ऊन शोधत गच्चीवर धावायच्या, ते ऊन इथे वर्षातले आठ-नऊ महिने फुकट पडलेले असते. भाजीच्या सालींत ऐंशी ते नव्वद टक्के पाणी असते. जाळीच्या झाकणाखाली पसरट ताटात पसरल्या, की कोरड्या दिवसांत एका दिवसात किलोभर साली दीड-दोनशे ग्रॅमवर येतात. त्यांना वास येत नाही, झुरळ लागत नाही, आणि चुरून कुंडीत टाकता येतात. ऑगस्टच्या दमट हवेत हे नीट होत नाही, हे सांगायला हवे. आणि ताट कठड्यावर ठेवू नये, कठड्याच्या आत खाली ठेवावे. साळुंक्या आणि इमारतीचे सुरक्षारक्षक, दोघांचेही लक्ष असते. तेल, हाडे, शिजवलेले अन्न यात घालू नये. चकल्या-करंज्यांचे उरलेले तेल सिंकमध्ये न ओतता कॅनमध्ये साठवावे. त्यापासून बायोडिझेल करणाऱ्या कंपन्या या देशात आहेत, आणि चार-पाच घरांचे तेल एकत्र केले की ते नेणारा माणूस मिळणे सोपे जाते.

राहता राहिले गणपती. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शाडूची लहान मूर्ती असते आणि विसर्जन बादलीत होते, हे चांगलेच आहे. समुद्र दिसतो म्हणून तिथे काही सोडण्याचा मोह कोणी धरू नये, तो इथे गुन्हा आहे. प्रश्न निर्माल्याचा आहे. दीड, पाच, सात दिवसांची फुले, दुर्वा, पत्री, केळीची पाने एका पिशवीत बांधून शूटमध्ये सोडताना हात अडखळतो, असे मला कितीतरी बहिणींनी सांगितले आहे. यंदा मंडळाच्या सार्वजनिक गणपतीच्या ठिकाणी निर्माल्यासाठी एक वेगळा मोठा डबा ठेवावा, आणि घरोघरचे निर्माल्य सुकवून तिथे आणावे, अशी माझी कार्यकारिणीला सूचना आहे. सुकलेल्या फुलांचे खत कुठल्या तरी बागेत किंवा नर्सरीत नक्की घेतील. दोन ठिकाणी मी तोंडी विचारले आहे आणि एकाने 'आणा' म्हटले आहे. त्याच डब्याशेजारी आरतीच्या प्रसादाच्या द्रोणांसाठी आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी निराळी पिंपे ठेवायची. त्यांच्याजवळ उभे राहायला चार स्वयंसेवक लागतील. दहावी-बारावीतल्या मुलांनी नावे दिली तर उत्तम, कारण मोठी माणसे मुलांसमोर चुकीच्या पिंपात टाकायला कचरतात.

आणि ज्यांना आपल्या घरचा चार आठवड्यांचा हिशेब मांडून पाहायचा असेल त्यांच्यासाठी आमचा वजनकाटा तयार आहे. कार्यक्रमाच्या दिवशी माझ्याकडून घेऊन जावा. सोबत वहीही देईन. सेल मात्र आपले घालावे लागतील, आणि जुने सेल शूटमध्ये टाकू नयेत.